पहिल्या गाठीचे पोहे

हवाई वाहतूक नियंत्रणाच्या इतिहासात कँटीनवाल्याने शोध लावल्याचं दुसरं उदाहरण बहुधा सापडणार नाही. खरं तर धनराजला शोधबिध काही लावायचा नव्हता. त्याला नुसती तक्रार करायची होती.

"मॅडम, तुमच्या पोट्ट्यांनी मले वाळीत टाकलं का जी?" ज्येष्ठ नियंत्रक हेमलता भोयरांपुढे चहाचा कप ठेवत तो म्हणाला.

"का रे? काय झालं?"

"दोन वर्सं झाले, गाठीच्या पोह्याची एक प्लेट नाही गेली माह्या हातून. आधी कसं, कोणी ना कोणी येऊन सांगे, धनराजभाऊ, उद्या तर्री टाका, माझी गाठ सुटली. आता मसाला डब्यात पडून राहिला. पोट्टे कंजूष झाले का?"

हेमलताबाई हसल्या. हसता हसता शेवटचे पोहे कोणी दिले होते ते आठवायला लागल्या, आणि त्यांचं हसू ओसरलं.

हे गाठीचं प्रकरण सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आपलं गाव देशाच्या मधोमध आहे याचा नागपूरकरांना मोठा अभिमान. पण मधोमध असण्याचा ताप काय असतो, हे गावाबाहेरच्या मध्यांचल केंद्रातल्या माणसांना विचारावं. दिल्ली, मुंबई, कोलकाता, बेंगळुरू अशा चारही बाजूंनी निघालेली विमानं याच आकाशात एकमेकांच्या वाटा ओलांडतात. केंद्रात या आकाशाचे तुकडे, म्हणजे सेक्टर, पाडून प्रत्येक नियंत्रकाला एकेक वाटून दिलेला असतो. तिथे बसून विमान काही दिसत नाही. दिसतात ते पडद्यावर सरकणारे ठिपके, प्रत्येकाशेजारी त्याचं नाव, उंची आणि वेग. दोन ठिपके एकाच उंचीवरून एकाच जागी एकाच वेळी पोचणार असले, की त्याला या खोलीत 'गाठ' म्हणत. ती वेळेवर ओळखायची, एकाला वर-खाली करायचं किंवा जरा वळवायचं, आणि दोघांमध्ये आडवे पाच सागरी मैल किंवा उभे हजार फूट कायम ठेवायचे. नियंत्रकाचं काम म्हणाल तर एवढंच. शिकाऊ नियंत्रकाने कोणाच्याही मदतीशिवाय पहिली खरी गाठ सोडवली, की दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या पाळीला तर्री-पोहे, म्हणजे झणझणीत रस्सा घातलेले पोहे, द्यायचे, असा तिथला रिवाज होता. हेमलताबाईंनीही सव्वीस वर्षांपूर्वी दिले होते. तेव्हाची तर्री इतकी जहाल होती की त्यांचे साहेब डोळे पुसत म्हणाले होते, "बाई, गाठीपेक्षा पोहेच जड गेले."

आणि आता दोन वर्षं पोहे नाहीत. त्यांच्या हाताखाली सात महिने शिकणाऱ्या पल्लवी नन्नावरेने अजून एकही गाठ पाहिलेली नव्हती. पोरगी हुशार, ब्रह्मपुरीची, एसटी चालकाची मुलगी. सिम्युलेटरवर पैकीच्या पैकी गुण. खुर्चीत बसली की शांतपणे काम करायची. इतकी शांतपणे, की हेमलताबाईंना ती शांतता आता पहिल्यांदाच खटकली.

दोन वर्षांपूर्वी केंद्रात काय आलं होतं, ते त्यांना आठवलं. 'सुगम' आलं होतं.

सुगमबद्दल कोणापासून काही लपवलेलं नव्हतं, हेही सांगायला हवं. त्यावर रीतसर व्याख्यान झालं होतं. मात्र ते जेवणानंतर होतं आणि त्या दिवशी जेवणात पुरणपोळी होती. तेव्हा ते कोणी किती ऐकलं हे न विचारलेलं बरं.

गोष्ट अशी होती. विमान अर्ध्या तासाने नेमकं कुठे असेल, हे पूर्वी कोणालाच छातीठोक सांगता येत नसे, कारण वाटेतला वारा माहीत नसे. मग प्रत्येक विमानच आपल्याभोवतीचा वारा मोजून क्षणाक्षणाला खाली कळवायला लागलं. हजारो विमानांकडून आलेला हा वारा एकत्र केल्यावर सुगम अर्ध्या तासापुढचं आकाश जवळजवळ अचूक वाचू लागलं. गाठ पडायला पंचवीस मिनिटं असतानाच ते एका विमानाचा वेग ताशी पाचेक मैलांनी कमी करायचं आणि दुसऱ्याचा तेवढाच वाढवायचा. पाचशे मैल वेगाने जाणाऱ्या विमानाला ही गुदगुलीसुद्धा नव्हे. पण पंचवीस मिनिटांत त्या गुदगुलीचे चार मैल होतात. आधीच थोडं अंतर असतंच, त्यात हे चार मिळाले की गाठ पडायच्या आधीच विरून जाते. हा बदल सुगम परस्पर विमानाच्या यंत्रणेला कळवायचं आणि नियंत्रकाच्या पडद्यावर दाखवायचं नाही. त्यालाही कारण होतं. चाचण्यांत असं दिसलं होतं, की असे बारीक बदल दिसले की माणसं गोंधळतात आणि उलट्या सूचना देऊन बसतात.

केंद्रातल्या माणसांना वाटलं, आपण सुधारलो. हेमलताबाईंनाही तसंच वाटलं. मागच्या वर्षी उत्कृष्ट नियंत्रक म्हणून शाल-श्रीफळ मिळालं, तेव्हा त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्या नारळाची चटणी सगळ्या घराने खाल्ली होती.

चहा तसाच ठेवून त्या केंद्रप्रमुख देवस्थळ्यांच्या खोलीत गेल्या. देवस्थळे पुण्याचे, माणूस सज्जन, बोलणं मोजकं.

"साहेब, माझ्या सेक्टरवर सुगम एका पाळीत किती गाठी सोडवतं?"

"पाहावं लागेल. तीस-पस्तीस असाव्यात."

"आणि मी?"

देवस्थळ्यांनी टेबलावरची पेनं सारखी केली. "तुम्ही देखरेख करता, भोयरबाई."

"महिन्याभराने पल्लवीची शेवटची चाचणी आहे. तिच्या परवान्यावर माझी सही लागते. ही मुलगी एकटी आकाश सांभाळू शकते, असं मी लिहून द्यायचं आहे. जिने एकही गाठ पाहिली नाही तिच्याबद्दल मी हे कशावरून लिहू?"

"सुगम बंद पडण्याची शक्यता नगण्य आहे."

"त्या कागदावर 'सुगम असेपर्यंत' असं लिहिलेलं नाही, साहेब. 'एकटी' असं लिहिलंय."

देवस्थळे पुन्हा पेनं सारखी करायला लागले. हेमलताबाईंना दोन्हीकडून पेच होता. सही केली आणि कधीतरी खरंच वेळ आली, तर शेकडो माणसांचा जीव एका अननुभवी पोरीच्या हाती असेल. सही नाही केली, तर काही चूक नसताना तिचं आयुष्य अडेल. पाळी संपली. ऊन कलत होतं आणि त्या गाडीत बसून किती तरी वेळ किल्ली न फिरवता तशाच राहिल्या.

घरी पोचल्यावर फाटकातूनच त्यांनी मुलाला फोन लावला. "सौमित्र, बाबा हॉलमध्ये बसलेत. तू मागच्या दाराने ये. आणि तो बॅकस्टेजचा काळा टी-शर्ट बदलून ये, बँकेचा शर्ट घाल."

फोन ठेवला आणि त्या फाटकाची कडी हातात धरून उभ्याच राहिल्या.

सौमित्रने चार महिन्यांपूर्वी बँकेची नोकरी सोडली होती. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांच्या मोसमात तो वडशाच्या एका नाटक मंडळीत प्रकाशयोजनेचं काम करत होता, आणि खुशीत होता. ही गोष्ट हेमलताबाईंना माहीत होती. त्याच्या वडिलांना, म्हणजे भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक प्रभाकर भोयरांना, माहीत नव्हती. त्यांना सांगितलेलं असं, की बँकेने पोराला ग्रामीण शाखांच्या तपासणीवर टाकलंय. बाप आठाला जेवायचा, मुलगा घरी असला की नवाला. बाप फिरायला समोरून बाहेर पडायचा, मुलगा मागून आत यायचा. बारावीनंतर कुठल्या शाखेला जायचं यावरून बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, तेव्हापासून हेमलताबाईंनी त्या दोघांना समोरासमोर येऊच दिलं नव्हतं. दोघांची मनःस्थिती त्यांना अर्धा तास आधी कळायची. एकाला जरा थांबवायचं, दुसऱ्याला जरा पुढे काढायचं. घरात भांडण म्हणून नव्हतं. नातेवाईक म्हणायचे, भोयरांच्या घरी किती शांतता!

"काय करून राहिली गं फाटकात?" आतून प्रभाकररावांचा आवाज आला.

"काही नाही, आले," त्या म्हणाल्या. त्यांना स्वतःची लाज वाटली. दिवसभर ज्या यंत्राचा त्यांना राग आला होता, ते घरात त्या स्वतःच होत्या. सहा वर्षांत बापलेकांमध्ये 'पंखा बंद कर' याच्यापलीकडे वाक्य झालेलं नव्हतं, आणि याला त्या शांतता म्हणत होत्या.

तरी लगेच काही बदललं नाही. कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. त्या रात्रीही बाप आठालाच जेवला आणि मुलगा नवाला.

केंद्रातलं मात्र त्यांनी धसाला लावलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. सुगम बंद करू नका, त्याला नुसतं मागे बसवा. शिकाऊ माणूस खुर्चीत असताना शिक्षकाची जागा त्याच्या शेजारी असते आणि सूचना रद्द करण्याचं बटण शिक्षकाच्या हाताशी असतं. चांगला शिक्षक ते बटण शेवटच्या क्षणापर्यंत दाबत नाही. हेमलताबाईंची तर त्यासाठी एक खोड प्रसिद्ध होती. हात शिवशिवायला लागले की त्या दोन्ही हात मांडीखाली घालून बसायच्या. सुगमनेही तसंच बसावं. पंचवीस मिनिटं आधी गुदगुल्या करू नयेत. गाठ पडायला आठ मिनिटं उरेपर्यंत माणसाला संधी द्यावी, आणि तरीही माणूस जागा झाला नाही तर सरळ विमान वळवून मोकळं व्हावं.

"प्रवाशांच्या जिवावर शिकवणी?" देवस्थळे म्हणाले.

"आठ मिनिटं म्हणजे साठ मैल, साहेब. आम्ही शिकलो तेव्हा मागे बसायला सुगमही नव्हतं."

वरच्या कचेऱ्यांशी बरीच बोलाचाली झाली. अखेर एका सेक्टरवर, दिवसाच्या पाळीत, पंधरा दिवसांपुरती परवानगी मिळाली. देवस्थळ्यांची अट एकच होती. पहिल्यांदा त्या खुर्चीत भोयरबाईंनी बसायचं.

पल्लवीला हे काहीच आवडलं नाही. "मॅडम, माझे मार्क कुठे कमी हायेत का?" ती जिन्यात गाठून म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "माझ्या आधीच्या चौघांना तुम्ही सही देली. मले मात्र नवीन कायदा. माह्यातच काय खोट दिसली तुमाले?"

"खोट तुझ्यात नाही. त्या चौघांना सही देताना मी डोळे मिटले होते, ती खोट माझ्यात आहे."

"ते तुमचं. मी कायले भोगू?" असं म्हणून ती तरातरा निघून गेली. पोरीचं चुकत नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

सोमवारी सकाळी हेमलताबाई खुर्चीत बसल्या. शेजारी पल्लवी, मागे देवस्थळे. सुगम हात आखडून बसलेलं. पहिली पंधरा मिनिटं मजेत गेली. हेमलताबाईंना वाटलं, अरे, हे तर सायकल चालवण्यासारखं आहे, अंगात मुरलेलं. रायपूरवरून येणाऱ्या दोघांची गाठ त्यांना लगेच दिसली. त्यांनी एकाला हजार फूट खाली उतरवलं आणि मागे वळून पाहिलंसुद्धा, जरा ऐटीतच.

तेवढ्यात पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक पिवळं कडं उमटलं. बैतुलच्या आकाशात एक मालवाहू विमान डावीकडे वळलं होतं. त्यांनी वळवलेलं नव्हतं. सुगमने वळवलं होतं. आठ मिनिटं उरली होती आणि ती गाठ हेमलताबाईंना दिसलीच नव्हती.

पल्लवी त्यांच्याकडे बघत होती. हेमलताबाई त्या पिवळ्या कड्याकडे बघत राहिल्या. सव्वीस वर्षं, आणि ती शाल, आणि तो नारळ!

"भोयरबाई, चहा घ्या," देवस्थळे हळूच म्हणाले. कँटीनमध्ये बसल्यावर त्यांनी विचारलं, "थांबवायचं का मग हे? मला वाटतं, सिद्ध व्हायचं ते झालं. माणसापेक्षा सुगम बरं."

हेमलताबाईंना रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं. "उलटं सिद्ध झालं, साहेब. मी गंजले. आणि मला हे आज कळलं, ते कोणाचा जीव न जाता कळलं. विळ्याला गंज चढला म्हणून आपण तो फेकून देत नाही, घासतो."

"आणि घासून होईपर्यंत?"

"तोपर्यंत सुगम बसलंय ना मागे!"

देवस्थळ्यांनी चहात बिस्किट बुडवलं. ते बुडून तुटलं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. "दुपारी पुन्हा बसा," शेवटी ते म्हणाले.

बाहेर पल्लवी उभी होती. ती चप्पल जमिनीवर घासत होती. मग म्हणाली, "मॅडम, ते मालवाहू विमान... मलेही नाही दिसलं जी. तुमच्या बाजूले बसून नाही दिसलं." आणि मग, "माझे बाबा म्हणतात, चाळीस माणसं मागे बसले की पाठ आपोआप ताठ होते. सिम्युलेटरमध्ये मागे कोणीच बसलेलं नसते. मले शिकवा."

"मीच शिकून राहिले सध्या," हेमलताबाई म्हणाल्या. "चल, दोघी शिकू."

पुढचे दिवस एक जण खुर्चीत, एक जण शेजारी, असे गेले. पिवळी कडी उमटत राहिली. आधी दिवसाला चार, मग दोन. हेमलताबाईंची नजर हळूहळू जागी झाली. पूर्वीसारखी आंघोळ करतानाही त्यांच्या डोळ्यांपुढे ठिपके सरकायला लागले, आणि त्यांना त्याचं फार बरं वाटलं. पल्लवीच्या वाट्याला मात्र गाठी आल्या त्या अर्ध्यामुर्ध्या. कधी हेमलताबाई आधी हुंकार देऊन बसायच्या, कधी सुगम आधी हलायचं. स्वतः पाहिलेली, स्वतः सोडवलेली अशी एकही नाही. चाचणी चार दिवसांवर आली.

गुरुवारी दुपारी पल्लवी खुर्चीत होती. एका वैमानिकाला वाटेत हादरे बसत होते आणि तो वेगळी उंची मागत होता. ती मनापासून त्याच्यासाठी वाट शोधत होती. तेवढ्यात शेजारी बसलेल्या हेमलताबाईंना गाठ दिसली. एक विमान कोलकात्याहून मुंबईकडे, म्हणजे उजवीकडून डावीकडे. दुसरं बेंगळुरूहून दिल्लीकडे, खालून वर. दोन्ही छत्तीस हजार फुटांवर. गोंदियाच्या पश्चिमेला दोघं एकत्र येणार होते. बारा मिनिटं होती.

पल्लवी हादऱ्यांतच अडकली होती.

हेमलताबाईंनी हात मांडीखाली घातले. फक्त खोकलं तरी पोरीचं लक्ष जाईल, हे त्यांना माहीत होतं. पण खोकल्याने सापडलेली गाठ तिची नसेल, आणि मग त्या सहीचा प्रश्न होता तिथेच राहील. दोन विमानांत मिळून साडेतीनशे माणसं. कोणी झोपलं असेल, कोणी लेकराला भात भरवत असेल. अकरा मिनिटं. त्यांच्या शेजारच्या छोट्या पडद्यावर सुगमचा आकडा उतरत होता. तो पल्लवीला दिसत नव्हता. तिला सगळं सांगून टाकावं आणि या खुर्चीच्या त्रासातून एकदाचं सुटावं, असं त्यांना वाटलं. त्यांनी ओठ दाताखाली धरले.

पल्लवीचं बोलणं मध्येच तुटलं.

तिने पाहिलं होतं. तिची मान ताठ झाली. आवाज बारीक येत होता, पण तिने ठरीव शब्दांत मुंबईच्या विमानाला चौतीस हजारांवर उतरायला सांगितलं. पलीकडून सूचना परत वाचून दाखवली गेली. आणि त्याच क्षणी तिला ते तिसरं विमान दिसलं. चौतीस हजारांवर, मुंबईच्या विमानाच्या बरोबर खाली, त्याच दिशेने चाललेलं.

एका गाठीतून सोडवून दुसरीत घातलं होतं तिने. हेमलताबाईंची बोटं मांडीखाली कपड्यात रुतली. बटण हाताशी होतं. त्यांना जन्मात कधी इतकं लांब वाटलं नव्हतं.

"छे," पल्लवी स्वतःशीच पुटपुटली, आणि मग एक श्वास घेतला. तिने मुंबईच्या विमानाला उतरणं रद्द करून छत्तीस हजारांवरच राहायला सांगितलं. ते शंभर फूटही खाली आलेलं नव्हतं. दिल्लीच्या विमानाला तिने उजवीकडे वळवलं, म्हणजे ते मुंबईच्या विमानाच्या शेपटीमागून निघून जाईल. आवाज आता बारीक नव्हता. मग हादऱ्यांच्या वैमानिकाला, जो बिचारा अजून ताटकळत होता, तिने त्याची नवी उंची दिली आणि उशिराबद्दल क्षमाही मागितली.

छोट्या पडद्यावरचा आकडा नऊच्या जरा पुढे थांबला आणि विझला. सुगमला काही करावं लागलं नाही. दोन्ही ठिपके एकमेकांपासून नऊ मैल अंतर राखून शांतपणे निघून गेले.

पाळी बदलली तेव्हा पल्लवी उठली, दाराबाहेर गेली आणि भिंतीला टेकून रडायला लागली. "मले उशिरा दिसलं जी. आणि मग चुकलंच. पहिलं सांगितलं तेच चुकलं."

"चुकलं. आणि कोणी दुरुस्त केलं?"

पल्लवीने डोळे पुसले.

"मी बोलले नाही. सुगम हललं नाही. कोणी दुरुस्त केलं ते सांग."

"मी," ती म्हणाली, आणि आपलेच हात बघत राहिली. "मॅडम, हात पहा किती थंड पडले."

"माझे तर बधिर झालेत," हेमलताबाई म्हणाल्या. त्यांचे दोन्ही हात खरोखरच मुंग्यांनी भरले होते. त्याच हातांनी त्यांनी पोरीला जवळ घेतलं. सहीसाठी चाचणीपर्यंत थांबायचं कारण उरलं नव्हतं. त्यांनी पेन तिथल्या तिथे मागून घेतलं.

शुक्रवारी धनराजने दोन वर्षांचं उट्टं काढलं. मसाला जुना म्हणून फेकून दिला आणि नवा कांडून आणला. तर्री अशी, की देवस्थळे पहिल्या घासालाच घामाघूम झाले. दुसरी प्लेट मागताना ते म्हणाले, "पंधरा दिवसांचं काय घेऊन बसलात, भोयरबाई. मी वर लिहितोय. सगळ्या सेक्टरांवर सुगमला मागेच बसवावं, निदान शिकाऊ माणूस खुर्चीत असेल तेव्हा." मग पाणी पिऊन म्हणाले, "आणि तुमची आमची नजर जागी राहावी म्हणून, आठवड्यातून एकदा आपणही." पल्लवी एवढी हसत होती की तिच्या पोह्यांवरची शेव गळून गेली.

घरी जाताना धनराजने डबा भरून दिला. हेमलताबाईंनी फाटकातून फोन लावला नाही. सौमित्र पुढच्या दाराने आला, काळ्याच टी-शर्टात, आणि वडिलांना हॉलमध्ये बघून जागीच थबकला.

"बसा दोघं," हेमलताबाई म्हणाल्या. "पोहे आणलेत. तर्री गरम आहे तोवर खा." टेबलावर तीन ताटल्या आणि तर्रीच्या वाट्या ठेवल्या आणि त्या स्वतः मध्ये बसल्या.

प्रभाकररावांनी मुलाकडे नीट पाहिलं. "बँकेत आजकाल हा असा वेष चालतो का?"

सौमित्रने आईकडे पाहिलं. नेहमीप्रमाणे आता ती काहीतरी बोलेल, विषय फिरवेल, म्हणून त्याने वाट पाहिली. हेमलताबाईंनी टेबलाखाली दोन्ही हात मांडीखाली घातले आणि समोरच्या पोह्यांकडे बघत बसल्या.

"बाबा," सौमित्र म्हणाला, "मी बँक सोडली. चार महिने झाले."

मग जे व्हायचं ते झालं. प्रभाकरराव ताडकन उठले. चार महिने मला फसवून राहिले, दोघं मिळून फसवून राहिले, असं इतक्या मोठ्यांदा म्हणाले की शेजारचा कुत्रा भुंकला. सौमित्रही उठला. नाटकाचं ऐकून प्रभाकरराव म्हणाले, "नाटक! एवढं शिकवून नाटक!" सौमित्र म्हणाला, "तुम्हाला कधी विचारावंसं तरी वाटलं का, मला काय आवडतं ते?" आवाज चढत गेले. हेमलताबाईंच्या जिभेवर किती वाक्यं आली आणि त्यांनी ती गिळली. त्यांना भीती वाटत होती. आकाशात निदान आठ मिनिटांवर कोणीतरी बसलेलं होतं, इथे मागे कोणीच नव्हतं.

प्रभाकरराव आत निघून गेले. दार आपटलं. सौमित्र खाली बसला आणि डोळे पुसायला लागला.

थोड्या वेळाने दार उघडलं. प्रभाकरराव आले, खुर्ची ओढली आणि आपली ताटली पुढे घेतली. कोणाकडेही न बघता त्यांनी दोन घास खाल्ले.

"नाटकात काय काम करतोस?"

"लाईट्स. प्रकाशयोजना."

"उघड्या मैदानावर?"

"हो. मंडप असतो. पाचेक हजार माणसं येतात रात्री."

"पाच हजार," प्रभाकरराव म्हणाले. "जनरेटरवर? आणि जमीन ओली असते दवाने." ते पाणी प्यायले. "अर्थिंग कोण बघतं तुमचं?"

सौमित्र चाचरला. "तसं... एक जण आहे. म्हणजे बघतो तो."

"बघतो म्हणजे? मोजतो का?" सौमित्रने ताटलीकडे पाहिलं, तशी प्रभाकररावांची मुद्रा वर्गात चुकीचं उत्तर ऐकल्यासारखी झाली. "पुढचा प्रयोग कधी आहे?"

"उद्या. नवरगावला."

"मी येतो. माझा मीटर घेऊन येतो. माझ्या डोळ्यादेखत अर्थिंग तपासल्याशिवाय एक दिवा लावायचा नाही. कळलं?"

"हो, बाबा."

"आणि ते नाटक का काय ते, तेही पाहतो मग. तिथवर आलोच आहे तर."

सौमित्र हसला. प्रभाकरराव हसले नाहीत, पण त्यांनी वाटी पुढे केली. हेमलताबाईंनी मांडीखालचे हात बाहेर काढले. हात बधिर झाले होते, तरी त्यांनी वाटी काठोकाठ भरली आणि तर्रीचा एक थेंबही सांडला नाही.